काजळी आणि माती

“मला जाळायचं, बरं का. पुरायचं न्हाई,” अप्पा लातूरहून फोनवर म्हणाले, आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, “तिकडं पाऊस हाय का?” मी दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत आमच्या क्लासच्या गॅलरीत उभी होते. हाताला खडूची पूड, खाली नांदेडच्या भाग्यनगरच्या रस्त्यावर सायकलींची झुंबड, आणि समोरच्या इमारतीवर कुठल्या तरी क्लासचा नवा फलक चढवणं चाललं होतं. त्यावरची बोर्डात आलेली मुलगी दोरीला लटकत, हसत, हळूहळू तिसऱ्या मजल्याकडे निघाली होती. पाऊस नाही, असं मी सांगितलं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हेही विचारलं. त्यांनी होकाराचं ‘हाव’ म्हणून फोन ठेवला. आपला बाप स्वतःच्या मरणाचं बोलतो तेव्हा आपण त्याच्याशी गोळ्यांचं बोलतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं, आता स्वतः करून मोकळी झाले. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, जन्मभर गळ्यात बांधलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि बसल्या जागी मातीत देतात. जाळत नाहीत. जाळणं आमच्या घरात एकदाच झालं होतं, तेही चुकून, आणि त्या चुकीबद्दल आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नसे.

दुपारच्या बॅचला नेमकं कार्बन मोनॉक्साइड होतं. भूकंपानंतर जन्मलेली पोरं आता माझ्यासमोर बारावीला बसतात; त्यांना किल्लारी म्हणजे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ. फळ्यावर कार्बन आणि ऑक्सिजनमधला तो बंध काढला आणि दरवर्षीसारखी मी वाहवले. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबूस होतो, मी सांगू लागले, आणि त्याच्या अंगावरचे थर सैल होऊन बाहेर निघून जातात. स्फोट वगैरे काही नाही, हजारो वर्षं चाललेला नुसता उसासा. त्या वायूत कार्बन असतो, ऑक्सिजन असतो, आणि दोघांना एकमेकांची भारी ओढ. ताऱ्यापासून थोडं दूर गेलं, थोडं निवलं, की दोघं जोडी जमवतात आणि मग ती जोडी सहजासहजी तुटत नाही. दोघांत जो कमी तो सगळाच्या सगळा त्यात संपतो. जो जास्त तो उरतो, आणि पुढे काय घडायचं ते हा उरलेला ठरवतो. ऑक्सिजन उरला तर तो सिलिकॉनला, मॅग्नेशियमला, लोखंडाला धरून वाळूचे, मातीचे कण करतो. कार्बन उरला तर काजळी होते. एक तारा माती सोडत मरतो, दुसरा काजळी सोडत. एवढं बोलले आणि मी खडू खाली ठेवला. पहिल्या बाकावरची अर्शी म्हणाली, “मॅडम, दोन्ही सारखेच असले तर?” असे तारे थोडे असतात, मी म्हणाले. मागून एकाने हे सीईटीला येतं का म्हणून विचारलं आणि वर्ग हसला. मीही हसले, येत नाही म्हणाले, आणि फळा पुसला.

नाझनीन स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती. ती जीवशास्त्र शिकवते, क्लास आमच्या दोघींचा आहे, आणि आमची ओळख नांदेडच्या मुलींच्या होस्टेलमधली, म्हणजे क्लासपेक्षाही जुनी. माझं तोंड पाहूनच तिने डबा बाजूला सारला. मी फोनचं सांगितलं. “हमारे यहां तो मिट्टीच है,” ती म्हणाली, “हमारा भी मिट्टी, तुम्हारा भी मिट्टी. अप्पा कू ये क्या सूझा?” मला तरी काय माहीत. तिने माझी उरलेली बॅच स्वतःच्या अंगावर घेतली, पर्स माझ्या हातात कोंबली आणि मला जिन्यापर्यंत ढकललं. भूकंपाच्या त्या सकाळीही मला असंच हिने ढकललं होतं. पहाटे होस्टेलच्या मांडणीवरची भांडी वाजली, मुली ओरडत अंगणात आल्या, मग हसायला लागल्या, कुणी तरी गाणंही म्हटलं. नांदेडला नुसती भांडी वाजली होती. उन्हं वर आल्यावर रेडिओवर गावांची नावं येऊ लागली आणि त्यात औसा तालुक्यातली, तेरणेच्या काठावरची नावं आली, तेव्हा मी साबण हातात घेऊन नळाशी उभी होते. साबण नाझनीननेच काढून घेतला.

लातूरच्या बसला खिडकी मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर यायचं होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडत आलेलं. या रस्त्यावर मला नेहमी माझी आई, अव्वाच दिसते. दहावीनंतर मला नांदेडला ठेवायला ती स्वतः आली होती, याच बसने, मांडीवर शेंगाच्या चटणीचा डबा आणि ज्वारीच्या कडक भाकरींचं गाठोडं घेऊन, आणि अख्खा रस्ता तिने तो डबा खाली ठेवला नाही. तिचं माहेर निलंग्याच्या पलीकडचं, त्यामुळे रागावली की कानडीत बोलायची आणि लाड करायची तेव्हाही कानडीतच. मधलं सगळं मराठीत. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष संपता शेतात पांडवांची पूजा असते तेव्हा, ती आंबील करायची ती ताक, ज्वारी आणि लसणाच्या वासानं आधीच अर्धी संपलेली असायची. आम्ही दोघं भावंडं उंडे आणि भज्जी खाऊन कडब्याच्या खोपीत पडून राहायचो आणि ती वर येऊन आमच्या तोंडात आणखी एक घास कोंबायची. माझ्या पाठचा वीरेश शिकायला लातूरला गेला तो भूकंपाच्याच वर्षी, जूनमध्ये. लातूरच्या पोरांचं तेव्हा फार नाव व्हायला लागलं होतं, अकरावीला तिथे प्रवेश म्हणजे अर्धा डॉक्टर, असं अप्पा चावडीवर सांगत. म्हणून आम्ही दोघं वाचलो. दोघं शिकायला बाहेर, आणि गणपती विसर्जनाच्या त्या रात्री घरात फक्त अव्वा आणि अप्पा.

आमचं घर गावातल्या सगळ्या घरांसारखंच होतं: हातभर नव्हे, दोन-दोन हात रुंदीच्या दगडाच्या भिंती, मधे चुना नाही, नुसती माती, आणि वर माळवद, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची पद्धत. पोरपणी ती माती तुडवायला मला फार आवडायचं. पंजोबांपासूनची माती तशी थरावर थर साठत आली होती आणि त्या पहाटे ती सगळी एकदम खाली आली. मी पोहोचले तेव्हा गावात रस्ता कुठे होता तेही कळत नव्हतं, पाऊस झोडपत होता आणि अव्वा उरली नव्हती. अप्पा लिंबाखाली बाजेवर, पाय मोडलेला, डोळे उघडे. त्यांनी मला सांगितलं ते एवढंच: स्वामींनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, गळ्यात लिंग असलेल्यांना मातीसाठी बाजूला ठेवायला सांगितलं होतं, पण अव्वाच्या गळ्यातलं ढिगाऱ्यात तुटून गेलं असावं, मदतीला आलेल्या लष्कराच्या जवानांना काय कळणार, त्यांनी तिला बाकीच्यांबरोबर नेलं. पडलेल्या घरांच्याच तुळया रचून त्यांनी सगळ्यांना अग्नी दिला होता. पावसात ती लाकडं नीट जळत नव्हती आणि नदीच्या अंगाला काळा धूर जमिनीलगत पसरून राहिला होता. त्यातला अव्वाचा कुठला, हे मी उभी राहून बघत होते.

नंतर पत्र्याच्या शेडमधली वर्षं. मग मी एम.एस्सी. केलं आणि संशोधनाला पुण्याला गेले, आणि इतके विषय असताना मी मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीची धूळ घेतली. सरांनी मुलाखतीत विचारलं, हाच विषय कशाला, तर मी काहीतरी छापील उत्तर दिलं. खरं मला माहीत होतं. हे तारे शेवटी शेवटी स्वतःच्याच धुळीत इतके बुडतात की साध्या दुर्बिणीतून दिसेनासे होतात. त्यांचा प्रकाश ती धूळ गिळते आणि तापून मंद ऊब बाहेर सोडते; ती ऊब मोजायची, तिचा आलेख काढायचा, आणि त्या आलेखात एका ठरावीक जागी उंचवटा आला की ही वाळू, दुसऱ्या ठिकाणी आला की हा काजळीच्या जातीतला कार्बन. तारा स्वतः दिसत नाही, पण तो काय सोडत मरतो आहे ते कळतं. मी चार-चार तास त्या रेषा बघत बसायचे आणि मला बरं वाटायचं. प्रयोगशाळेतल्या इतर मुलींना वाटायचं ही फार अभ्यासू. काजळीचा उंचवटा आला की मला अव्वा आठवायची, आणि मग मी स्वतःला समजावायचे की विश्वात दोन्ही रीती चालतात, काहींना माती मिळते, काहींना नाही, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. पण ते पटायचं नाही. तिला माती मिळाली नाही, बेलाचं पान मिळालं नाही, कपाळाला विभूती मिळाली नाही, हे मनातून जायचं नाही. पुढे अप्पांचा दमा वाढला, वीरेश एकटा पडला, नाझनीनचे क्लास काढू म्हणून फोनवर फोन येऊ लागले, आणि मी प्रबंध अर्धा टाकून नांदेडला आले. पुण्याच्या त्या रेषांची मला अजून आठवण येते, माहेरची यावी तशी.

चाकूर आलं तेव्हा मी अप्पांचा अर्थ लावून मोकळी झाले होते. बसमध्ये माझं डोकं फार चालतं. दोघांतला एक सगळाच्या सगळा संपला आणि दुसरा उरला. आता त्या उरलेल्याला तिच्या वाटेनेच जायचं आहे. ती धूर होऊन गेली, मग हेही धूर होऊन जाणार. अठरा वर्षं बायकोबद्दल चकार शब्द न काढलेला माणूस, आणि त्याच्या पोटात हे. अर्थ इतका सुंदर बसला की मला रडू आलं, आणि शेजारच्या म्हातारीने मला खारीक दिली. शिकवणाऱ्या माणसाला ही खोड असतेच, समोर काही आलं की त्याचं एक नेटकं उदाहरण करून टाकायचं. मी ती खारीक चघळत, डोळे पुशीत, स्वतःवर जरा खूश होऊनच लातूरला उतरले.

वीरेशचं घर क्लासेसच्या भागात आहे. खाली अप्पा, तो आणि त्याची बायको जगदेवी, वर दोन मजले शिकायला आलेल्या पोरांना दिलेले. जगदेवी त्यांचे डबे करते. जिन्यात चपलांचा ढीग, गॅलरीत वाळत टाकलेले टॉवेल, आणि कुणीतरी मोठ्याने सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ करत होतं, चुकीचं. वीरेश मला पाहून उठला नाही. “तुला बी फोन केला का?” म्हणाला. अप्पांनी आठवडाभर आधी त्याला सांगितलं होतं आणि त्याने साफ नाही म्हटलं होतं. “अक्का, तूच सांग. शेतात आज्ज्याची समाधी हाय. अव्वाचा चबुतरा हाय. तिच्या शेजारी म्या अप्पासाठी जागा सोडून ठेवली. एकाला तरी नीट माती देऊ म्हणलं, तर हे आसं.” अव्वाचा तो चबुतरा त्याने पहिल्यांदा हातात चार पैसे आले तेव्हा बांधला, आत काहीच नसलेला, आणि दर वर्षी त्या तारखेला तो तिथे जाऊन हार घालतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या भावाला मी एरवी पोरांच्या खोल्या आणि डबे यावरून चिडवत असते, पण तेव्हा मला त्याच्याबद्दल फार माया दाटून आली. माझ्या बसमधल्या अर्थातलं मी त्याला काही सांगितलं नाही. अप्पा झोपले होते; उद्या त्यांच्याशी बोलते, एवढंच म्हणाले.

सकाळी जगदेवी पोरांच्या डब्यांत होती, वीरेश दूध आणायला गेला होता. अप्पांच्या खोलीचं दार आतून लावलेलं नव्हतं. त्यांची पूजा कुणी बघायची नाही हा घरातला नियम. आंघोळ झाली की दार लावून बसायचे आणि गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, तळहात डोळ्यांसमोर धरून, बराच वेळ तसेच. आता दम लागायचा म्हणून उठून कडी घालणं त्यांना जमेना. मी चहा घेऊन आत गेले आणि थांबले. त्यांच्या डाव्या तळहातावर दोन लिंगं होती. आमच्यात माणसाला लिंग एकच, जन्मल्यावर बांधलेलं, त्याच्याबरोबर जाणारं. दुसऱ्याचं लिंग कुणी पुजत नाही, जवळही ठेवत नाही. त्यातलं एक लहान होतं, त्याचा वरचा काळा लेप एका बाजूने उडालेला. अप्पांनी मूठ मिटली नाही. “ये,” म्हणाले. “दार लाव.”

“हे कुणाचं?” मी विचारलं.

“तुझ्या अव्वाचं.”

“ते तर तुटून गेलं होतं ना? ढिगाऱ्यात?”

“तुटलं न्हाई. म्या काढलं.” त्यांनी दोन्ही लिंगं समोरच्या पाटावर शेजारी शेजारी ठेवली. दम खात, थांबत थांबत बोलू लागले, आणि मी चहाचा कप धरूनच उभी राहिले. “आमाला भायेर काढलं तवा चांगलं उजाडलं व्हतं. तवर आमी दोघं आतच. माती, माय. नाकात माती, डोळ्यात माती, तोंडात तर घास घालावा तशी. ती माझ्या बाजूलाच व्हती, हाताला तिचं मनगट लागत व्हतं. लई येळ ती बोलून राहिली. माझ्या तोंडातली माती काढा, म्हनायली. तुमाला पोरांना न्हाई आठवलं, देवाचं नाव न्हाई घेतलं. एकच. माती काढा म्हनायली. माझा हात तिच्या तोंडापस्तर पोचंना. मग ती बोलायची थांबली.”

वरच्या मजल्यावर पोरांची पळापळ चालली होती. कुणी तरी बूट शोधत होतं. अप्पा म्हणाले, “मग लिंबाखाली आमाला शेजारी ठिवलं. स्वामी आला. ज्याच्या गळ्यात लिंग त्याला हिकडं सारा, खड्डे घेऊन राहिलेत, म्हनला. म्या तिच्याकडं बघितलं. तोंड तसंच. आता हिला परत मातीत बसवायची? परत वरून माती लोटायची? माझ्याच्यानं झालं न्हाई, माय. म्या दोरा तोडला आन् लिंग मुठीत घेतलं. जवान आले, त्यायनी गळा बघितला आन् तिला तिकडं नेलं.” आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “आन् मला बी आता मातीची भ्या वाटती. धरम समदा कळतो मला. पन खड्ड्यात बसवून वरून माती लोटतील, हे डोळ्याम्होरं आलं की श्वासच घ्याया येत न्हाई. मेलेल्याला काय कळतंय, म्हनशील तू. हाव, न्हाई कळत. पन मला जित्तेपणी कळून राहिलं की.”

माझा कार्बन आणि माझा ऑक्सिजन तिथल्या तिथे संपले. बसमध्ये रचलेल्या त्या सुरेख अर्थाची मला शिसारी आली. तिच्या वाटेने जाणं वगैरे त्यांच्या मनातही नव्हतं. माणूस भ्यालेला होता, अठरा वर्षं भ्यालेला, पत्र्याच्या शेडमध्ये, नव्या गावच्या घरात, या खोलीत, आणि आम्ही दोघं त्याला गोळ्या विचारत होतो. पण त्याहून वेगळंही काहीतरी माझ्या आत होत होतं आणि ते चांगलं होतं. इतकी वर्षं मी अव्वाला बेवारशासारखी ढिगात गेलेली समजत होते. तशी ती गेलीच नव्हती. तिचं शेवटचं मागणं एकाने ऐकलं होतं, आणि हात पोहोचला तेव्हा, उशिरा का होईना, त्याने तिला मातीतून सोडवलं होतं. नदीच्या अंगाचा तो धूर आता मला पुन्हा डोळ्यांसमोर दिसला आणि पहिल्यांदाच तो बघवला. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती तरी वर्षांनी ठेवला.

“वीरेशला सांगा हे,” मी म्हणाले. “त्याला कळेल.”

“न्हाई.” त्यांचा आवाज एकदम कडक झाला. “त्यानं तिची समाधी बांधली हाय. हार घालतो. त्याला म्हनू का, तुझ्या मायला आगीत म्याच धाडलं? चूक झाली म्हनून तो गप्प हाय. चूक न्हाई म्हनल्यावर तो माझं तोंड बघंल का?” मग त्यांनी ते लहान लिंग माझ्या ओंजळीत दिलं. “हे घेऊन जा. पाण्यात सोड. माझ्याच्यानं सुटंना. आन् मला शबूद दे.” मी शब्द दिला. जाळण्याचाही आणि न सांगण्याचाही. दुसऱ्या दिवशी नांदेडला उतरल्यावर घरी न जाता मी घाटावर गेले. अव्वाने नांदेडला येताना जिच्यात पाय बुडवले होते त्या गोदावरीत ते सोडलं आणि संध्याकाळच्या बॅचला उभी राहिले.

अप्पा गेले ते येळवशीच्या तोंडावर, सकाळी, पोरांचे डबे भरले जात असताना. मी पोहोचले तेव्हा त्यांना भिंतीशी टेकवून बसवलं होतं, हनुवटीखालून पंचा बांधलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे, पुढे बेलाची पानं. छान दिसत होते. शेतात खड्डा घेऊन झाला होता. सिद्धेश्वर स्वामी आले होते, चुलत्यांपैकी माणिकप्पा काका आले होते, जुन्या गावची माणसं टेम्पो भरून आली होती. मी चपला काढल्या, अप्पांच्या पाया पडले, उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की अप्पांना अग्नी द्यायचा आहे. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग माणिकप्पा काकांनी कारण विचारलं, “कामून?” अप्पांची इच्छा होती, मी म्हणाले. “इच्छा असंल. पन कामून?” सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि उत्तर माझ्या तोंडात होतं. एका वाक्यात सगळी माणसं गप्प झाली असती. मी ते गिळलं. “शिकली म्हून घरादाराला बुडवायलीस का?” काका म्हणाले. “त्या तुझ्या ताऱ्याबिऱ्याचं काही डोक्यात घेतलंस आन् म्हाताऱ्याचं नाव सांगून राहिलीस.” हाव, तसंच समजा, मी म्हणाले. स्वामींनी झोळी उचलली आणि निघून गेले. त्यांच्यामागे काही माणसं गेली. मी वीरेशकडे पाहिलं. तो अप्पांकडे बघत होता. नजर तशीच ठेवून तो म्हणाला, “अक्का म्हणती तसं करा.”

आमच्यात कुणाला जाळता येत नव्हतं. डोकं कुठल्या दिशेला, मडकं कुणी धरायचं, खांदा कुठे बदलायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी समोरच्या मारोतीरावांनी, ज्यांच्याकडे ही रीत आहे, येऊन एकेक सांगितलं आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखं ऐकलं. बसवलेले अप्पा आडवे करावे लागले. त्यांचे गुडघे सरळ होईनात तेव्हा जगदेवी तोंडावर पदर घेऊन आत गेली. ते मी केलं, मारोतीराव आणि मी. लातूरच्या स्मशानात बायकांनी येऊ नये असं कुणीतरी म्हणालं, पण आता मला आणखी काय बोलणार होते. लाकडं कोरडी होती. वीरेशने अग्नी दिला. आधी काजळीचा धूर उठला, मग ज्वाळा स्वच्छ झाल्या, आणि मी पाहत राहिले: छातीवर काही पडत नव्हतं, तोंडावर काही पडत नव्हतं, सगळं वर जात होतं, मोकळं. मला फार रडू येत होतं आणि फार हलकंही वाटत होतं. अप्पा, झालं, मी मनात म्हणाले.

माणसं पांगली. वीरेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा आवाज अगदी शांत होता. “अव्वाला चुकून जाळलं, अक्का,” तो म्हणाला. “अप्पाला तू जाळलंस.”

“हाव,” मी म्हणाले.

मी पुढे काही बोलेन म्हणून तो वाट बघत राहिला. त्याच्या खांद्यावर राख उडून आली होती. ती झटकायला मी हात पुढे केला, तर त्याने खांदा बाजूला घेतला.